सचिव महोदय, तो प्रश्न तुमचा नाही

प्रति,
मा. सचिव महोदय,
मुलाखतीच्या टेबलाची पलीकडची बाजू,
अमरावती, अकोला आणि मधली सगळी गावं.

विषय : महिला उमेदवाराच्या पोटाची चौकशी करण्याबाबत.

महोदय,

तुमचं नाव मी लिहीत नाही. नावं लिहायला बसले तर पान पुरणार नाही, कारण तुम्ही एकटे नाही. कुठे शिक्षण संस्थेचे सचिव आहात, कुठे पतसंस्थेचे व्यवस्थापक, कुठे खासगी दवाखान्याचे मालक, कुठे शोरूमचे शेठ. राजापेठेत आहात, गाडगेनगरात आहात, अकोल्यात गोरक्षण रोडला आणि जठारपेठेत आहात. खुर्ची बदलते, प्रश्न बदलत नाही. प्रमाणपत्रं बघून झाली, विषयाचं विचारून झालं, की तुम्ही फाइल मिटता आणि म्हणता, “मॅडम, लग्न झालं ना? मग पुढचं काही प्लॅनिंग?”

हे पत्र त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

तुमच्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलींना मी वर्गात शिकवलेलं आहे. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याच टेबलावर सुरू झाली. माहेर दर्यापूर तालुक्यातलं, बाप कोरडवाहू शेतकरी, सासर अकोल्याचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग सेट, मग पीएच.डी. मुलाखतीला गेली तेव्हा तिला तिसरा महिना होता. तुम्ही तुमचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “नाही सर, सध्या तसं काही नाही.” तुम्ही मान डोलावली आणि तासिका तत्त्वावर तिची नेमणूक झाली.

पुढचे तीन महिने ती प्रयोगशाळेत उभी राहिली. गरोदर बाईने ज्या द्रावकांच्या वाफेपासून लांब राहायला हवं, त्यांच्याच बाटल्या तिच्या हाताखाली होत्या. एक शब्द बोलली असती तर प्रात्यक्षिकं दुसऱ्या कोणाकडे देता आली असती. पण तो शब्द बोलायची सोय तुम्ही मुलाखतीतच काढून घेतली होती. ती ओढणी नाकाला लावून बॅचमागून बॅच घेत राहिली. सगळ्यात आधी ओळखलं ते प्रयोगशाळेतल्या परिचर बाईंनी. त्या काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी तिच्या आधी येऊन खिडक्या उघडायच्या, बाटल्या उचलून टोकाच्या टेबलावर ठेवायच्या आणि दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकर तिच्यापुढे सरकवायच्या. चौथी शिकलेल्या बाईला जे समजलं, ते संस्था चालवणाऱ्या माणसाला समजू नये?

सहाव्या महिन्यात पोट दिसायला लागलं. तुम्ही तिला रागावला नाहीत, काढलंही नाहीत. सत्र संपल्यावर “पुढच्या वर्षीचं कळवतो” एवढंच म्हणालात, आणि कधीच कळवलं नाहीत. कागदावर तुमचा काही गुन्हा नाही. म्हणूनच हे पत्र उघड लिहिते आहे.

तुमच्या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मुलगी अविवाहित असेल, तर “लग्न होऊन निघून जाईल.” नवं लग्न असेल, तर “वर्षात रजा मागेल.” मूल लहान असेल, तर “लेकरू आजारी पडलं की दांड्या मारेल.” पस्तिशी उलटून मूल नसेल, तर “दवाखान्याच्या फेऱ्या सुरू असतील.” चारही उत्तरांचा शेवट एकच: बघू, कळवू. आणि तिच्यानंतर आत आलेल्या पुरुष उमेदवाराचं लग्न झालेलं असलं, घरी दोन लेकरं असली, की तुम्ही म्हणता, “जबाबदारी आहे अंगावर, टिकेल हा.” जे लेकरू बापासाठी शिफारसपत्र ठरतं, तेच आईसाठी अपात्रता ठरतं. हा नियम कोणत्या पुस्तकात लिहिला आहे, सचिव महोदय?

आता शिकलेल्या मुलीचं वेळापत्रक मांडून बघा. बावीस-तेविसाव्या वर्षी पदव्युत्तर पदवी. मग दोन-तीन वर्षं नेट-सेटची. चार-पाच वर्षं पीएच.डी.ची. त्यानंतर सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची नेमणूक. तासाला पैसे, सुटीला शून्य, पुढच्या सत्राची हमी नाही. कायम पदाची जाहिरात कधी निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. दुसरी वाट स्पर्धा परीक्षेची. शासनाने वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ केली, ते चांगलंच झालं. पण शरीराला शासन निर्णय लागू होत नाही. बाईची प्रजननक्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर वेगाने उतरते. म्हणजे जी वर्षं करिअर उभं करायची, नेमकी तीच वर्षं मूल होऊ देण्याची. या दोन्हींचा मेळ घालायचा तर नवरा-बायकोला एकाच गोष्टीची गरज असते: खरं बोलून ठरवता येण्याची. तुमचा प्रश्न तेवढंच हिरावून घेतो.

त्यातून जन्माला येतं ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. “मॅडम, आधी पर्मनंट होऊ द्या, मग बघू.” ते “मग” सत्रामागून सत्र पुढे ढकललं जातं. शेवटी काही जोडपी उपचार केंद्राच्या दारात उभी राहतात. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने बाईला पन्नाशीपर्यंत हे उपचार घेता येतात. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून गर्भ राहतोच असं नाही. पैसा जातो, अंगात सुया टोचून घ्याव्या लागतात, आणि हातात काही येईल याची खात्री कोणीच देत नाही. शिवाय मूल न होण्याच्या कितीतरी प्रकरणांत कारण पुरुषाकडे असतं. तरी तपासणीची पहिली चिठ्ठी तिच्याच नावाची निघते आणि उशिराचा बोलही तिलाच लागतो. ज्या उशिराचं मूळ तुमच्या टेबलावर आहे, त्याची किंमत डॉक्टरच्या टेबलावर ती मोजते.

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न आम्हीच विचारतो का? घरचे नाही विचारत? विचारतात. आमच्या वऱ्हाडात तर हळदीकुंकवाचं वाण हातात पडायच्या आधी प्रश्न येऊन पडतो. मामी म्हणते, “काहून वं, आता कव्हा? नोकरी काय पळून चाल्ली काय?” सासूबाई म्हणतात, “माह्या हातपाय चालतात तोवर होऊ दे, माय.” हे प्रश्न मुलींना टोचतात, रडवतातही. घरच्यांनीही ते बंद केले पाहिजेत. पण मामीला उत्तर आवडलं नाही म्हणून कोणाची नोकरी जात नाही. तुमच्या हातात नेमणुकीचं पत्र आहे. त्यामुळे तुमची चौकशी ही चौकशी राहत नाही, ती अट होते.

कायद्याचं बोलू. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हक्क लागू. कायम की कंत्राटी, असा भेद त्यात नाही. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा. हे सगळं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच ठेवलं आहे. तुम्ही म्हणता, “आमच्याकडे सगळे टेम्पररी, आम्हाला काय लागू?” ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात निकाल दिला, तो मस्टरवर रोजंदारीने खपणाऱ्या बायकांसाठी. रस्ते खोदणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बायका त्या. न्यायालयाने त्यांनाही मातृत्वाचा लाभ द्यायला लावला. आणि २०२३ मध्ये दिल्लीतल्याच एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की कंत्राटाची मुदत संपली म्हणून हा लाभ संपत नाही. तुमचं “सत्र संपलं, कळवतो” हे वाक्य या निकालाशेजारी ठेवून एकदा वाचा.

मोठ्यांनीही ही चूक करून पाहिली आहे. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस स्टेट बँकेने परिपत्रक काढलं: तीन महिन्यांपेक्षा अधिक दिवस गेलेली महिला उमेदवार “तात्पुरती अपात्र”. देशभर ओरड झाली आणि जानेवारी २०२२ संपायच्या आत बँकेला ते परिपत्रक मागे घ्यावं लागलं. त्यांनी निदान कागदावर लिहिलं, म्हणून भांडता आलं. तुम्ही तोंडी विचारता आणि मागे काही ठेवत नाही.

याच्या अगदी तळाशी काय आहे तेही बघा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये महाराष्ट्रासमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. एक दिवस काम बुडालं की मुकादम खाड्याचे पैसे कापतो, आणि पाळीच्या, गरोदरपणाच्या दिवसांत तर खाडा ठरलेला. तुमच्या टेबलावर काच आहे, एसी आहे, बोलणं सभ्य आहे. पण बाईचं शरीर म्हणजे कामातला खोळंबा, हा हिशेब मुकादमाचा आणि तुमचा सारखाच आहे.

तुमची एक अडचण खरी आहे आणि ती मी मान्य करते. रजेचा पगार मालकाने द्यायचा, बदली माणूस ठेवायचा, त्यालाही द्यायचं. लहान संस्थेला हा भार जाणवतो. हा प्रश्न नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच मुद्द्याला हात घातला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, आणि बायकांच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो म्हणून त्यानेही आपला भार घ्यावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भार कोणावर टाकावा याची चर्चा तेव्हाही झाली. तो बाईच्या नोकरीवर टाकावा, असं त्यांनी म्हटलं नाही. आजही २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदवलेल्या बाईचा हा खर्च योजनाच उचलते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने २६ पैकी ७ आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना आखत असल्याचं सांगितलं होतं. सचिव महोदय, त्यासाठी तुम्ही किती निवेदनं दिलीत? किती आमदार-खासदारांच्या दारात गेलात? अनुदानासाठी मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या तुमच्या पायांना हा रस्ता का माहीत नाही?

आणि भार तरी किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ आला. म्हणजे सरासरीने दोन मुलंही होत नाहीत. दोन धरली तरी तीस वर्षांच्या नोकरीत ती तुमच्याकडे मिळून एक वर्ष मागते. उरलेली एकोणतीस वर्षं तिने शिकवायचं, पेपर तपासायचे, नॅकच्या फायली तयार करायच्या, तुमच्या स्नेहसंमेलनाच्या रांगोळ्याही काढायच्या. त्या एका वर्षासाठी तुम्ही तिला उंबऱ्यावरच अडवता. हार्वर्डच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या रोजगाराच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासासाठी. त्यांनी दाखवलं की आज एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मापासून रुंदावते. तुम्ही तर मूल जन्मायच्या आधीपासून ती खणायला घेता.

आता अमरावती-अकोला रस्त्याचं सांगते. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर या दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटरची सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पाच दिवसांत हे करून दाखवणारा हाच मुलूख आहे. मग पन्नासाहून अधिक माणसं असलेल्या तुमच्या संस्थेत एक पाळणाघर उभं राहायला किती वर्षं लागावीत? २०१७ पासून ते कायद्याने बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही त्यात लिहिलं आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी वेगळी सुटी आहे. प्रत्यक्षात काय आहे? बडनेऱ्याहून अपडाऊन करणारी एक शिक्षिका मी पाहिली आहे. मूल चार महिन्यांचं, घरी आजीजवळ. मधल्या सुटीत ती स्टोअररूमची आतून कडी लावायची, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसायची, दाटून आलेलं दूध पिळून काढायची आणि बेसिनमध्ये ओतून तास घ्यायला जायची. त्याच इमारतीत तुमच्या बैठकांसाठी सोफे असलेली वातानुकूलित खोली होती. तिला वर्षभर कुलूप असायचं.

शिकायची आणि मूल होऊ देण्याची वर्षं एकच असतात, हे विद्यापीठ अनुदान आयोगाला कळलं. पीएच.डी. करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सूट आयोगाने दिली. १९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झालं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ तर १९६९ पासून आहे. घराजवळ विद्यापीठं आली म्हणून आमच्या खेड्यापाड्यांतल्या मुली शिकल्या. बापाने कापूस विकून फी भरली. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत वस्त्रोद्योग येतो आहे, अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. शिवणयंत्रांवर हजारो बायका बसतील, असं सगळे सांगतात. त्या येतील तेव्हा त्यांनाही तुमचाच प्रश्न विचारायचा बेत आहे का?

बापाचंही बोलू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवसांची रजा मिळते. खासगी संस्थेवर तशी सक्ती नाही. पण तुम्हाला कोणी अडवलेलंही नाही. पुरुष प्राध्यापकाला पंधरा दिवस द्या. मूल झालं की दोघांच्याही कामात फरक पडतो, हे तुमच्या हजेरीपटावर दिसू द्या. ज्या दिवशी ते दिसेल, त्या दिवशी बाईला बाजूला काढायचं कारणच उरणार नाही.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मुलाखतीत लग्न, मूल, गरोदरपण यांवर एक शब्द विचारू नका. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्यापासून भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई आहे. नेमणुकीच्या पत्रातच रजेचा हक्क लिहा, म्हणजे कोणाला तो भीक मागितल्यासारखा मागावा लागणार नाही. कुलूपबंद खोलीची किल्ली द्या, तिथे पाळणाघर होऊ द्या. आणि कोणी येऊन “सर, मला दिवस गेले आहेत” म्हणाली, तर पहिलं वाक्य “अभिनंदन” हे असू द्या आणि दुसरं “तुमच्या तासांचं काय करायचं ते बसून ठरवू” हे असू द्या.

मूल कधी, किती, की मुळीच नको, हे नवरा-बायकोने ठरवायचं आहे. पंचविसाव्या वर्षी हवं असेल तर पंचविसाव्या वर्षी, पस्तिसाव्या वर्षी हवं असेल तर जोखीम समजून पस्तिसाव्या वर्षी. त्यात सल्ला डॉक्टरांचा चालेल, आधार घरच्यांचा चालेल. तुमचं मत कोणी मागितलेलं नाही.

शेवटचं सांगणं तुमच्या शेजारी बसणाऱ्यांना. निवड समितीत विषयतज्ज्ञ असतात, विद्यापीठाचे प्रतिनिधी असतात, कधी एखादी प्राध्यापिकाही असते. सचिव हा प्रश्न विचारतात तेव्हा हे सगळे समोरच्या कागदात बघत बसतात. कृपा करून यापुढे कागदात बघू नका. उमेदवाराने तोंड उघडायच्या आत तुम्ही बोला: “सर, हा प्रश्न आपल्याला विचारता येत नाही.” एका टेबलावर एकाने एवढं म्हटलं, तरी त्या दिवशी एका मुलीला खोटं बोलावं लागणार नाही.

कळावे,
अमरावतीची एक प्राध्यापिका